राइबोसोमला डोळे असतात का?

पत्र

सप्रेम नमस्कार,

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मी हिशेबाचं काम करते, विज्ञान सुटून वीस वर्षं झाली, तरी त्याच्याबरोबर अभ्यासाला बसते. परवा ‘पेशीत प्रथिनं कशी तयार होतात’ हा धडा चालू होता. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, एवढं मी त्याला सांगितलं. ‘जी-सी-ए म्हणजे ॲलनिन, हा बघ तक्ता,’ असंही म्हटलं. त्यावर तो म्हणाला, ‘पण हे पेशीला कोण सांगतं? तिच्याकडे थोडाच तक्ता आहे?’ मी म्हटलं, राइबोसोम वाचतो. तर म्हणे, ‘राइबोसोमला डोळे असतात का?’ मला तो आगाऊपणा वाटला. चिडून मी ‘आधी पुस्तकात आहे तेवढं पाठ कर’ म्हणाले. तेव्हापासून तो गुपचूप पाठ करतो, विचारत काहीच नाही. मी पुस्तक तीनदा चाळलं, मला उत्तर मिळालं नाही. त्याला आता काय सांगू? आणि मलाच येत नव्हतं हे कबूल केलं, तर तो पुढे माझं ऐकेल का?

– एक आई

उत्तर

नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. कबूल करा, आजच करा. तुम्हाला येत नव्हतं हे त्याला त्याच दिवशी कळलंय. तो गप्प बसला तो तुमच्या रागावण्यामुळे.

आता पहिला प्रश्न. तुम्ही पुस्तक तीनदा चाळलंत तरी उत्तर मिळालं नाही, यात तुमचा दोष नाही. पाठ्यपुस्तकातली ती नेहमीची आकृती डोळ्यांसमोर आणा. मधे राइबोसोम, म्हणजे प्रथिन गुंफणारं पेशीतलं यंत्र, त्यातून जाणारी एम-आरएनएची (डीएनएवरून उतरवलेल्या नकलेची) पट्टी आणि बाजूने तरंगत येणारे टी-आरएनए. प्रत्येक टी-आरएनएच्या डोक्यावर एकेक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकेक मणी, आधीच बसलेलं असतं; ॲलनिन हा त्यातलाच एक. ते तिथे कोणी बसवलं? आकृतीत ते नसतं, आणि तुमच्या मुलानं बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.

मी स्वतः पदवीला असताना 64 कोडॉनांचा, म्हणजे जी-सी-ए सारख्या तीन अक्षरी गटांचा, तक्ता मला उलटसुलट पाठ होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘हा तक्ता पेशीत असतो कुठे?’ मी ठसक्यात सांगितलं, ‘डीएनएत.’ ते काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या मुलीला आत बोलावलं. माझं उत्तर चुकलं होतं हे कळायला मला आणखी वर्ष लागलं. तुमचा मुलगा पंधराव्या वर्षीच तिथे पोचलाय.

पहिला टप्पा, म्हणजे प्रतिलेखन, भरभर उरकू या. त्यात फारशी मेख नाही. डीएनएच्या एका धाग्यावरून आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) सरकत जातं आणि समोर जे अक्षर असेल त्याच्या जोडीचं अक्षर लावत आरएनएची साखळी वाढवतं. सी समोर जी, जी समोर सी, टी समोर ए, आणि ए समोर टी ऐवजी यू. इथे कोणी काही ‘सांगावं’ लागत नाही. ही अक्षरं म्हणजे रेणू आहेत, आणि जोडीतले दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत नीट बसतात, भलते बसत नाहीत. आपल्या पेशींमध्ये या नकलेतले मधले काही तुकडे कापून टाकून उरलेले सांधले जातात, दोन्ही टोकांना संरक्षण मिळतं आणि मग तो एम-आरएनए केंद्रकाबाहेर येतो. काम वाटतं तितकं झटपट मात्र नसतं. स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक वीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. त्याची एक नक्कल पूर्ण व्हायला सुमारे 16 तास लागतात, आणि कापाकापीनंतर त्यातली जेमतेम 14 हजार अक्षरं शिल्लक राहतात.

इथवर भाषा तीच, अक्षरं तीच. घोडं पेंड खातं ते पुढच्या टप्प्यात, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनवण्याच्या भाषांतरणात. आरएनएची अक्षरं चार, अमिनो आम्लं वीस. दोन्हींचं रसायनशास्त्र वेगळं. जी-सी-ए ही तीन अक्षरं आणि ॲलनिनचा रेणू यांची एकमेकांशी काहीही ओळखदेख नाही. ते शेजारी शेजारी ठेवले तरी चिकटणार नाहीत.

हाच प्रश्न डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकला पडला होता. 1955 मध्ये त्यानं आपल्या सहकाऱ्यांना एक टिपण पाठवलं. त्यात त्याचा अंदाज होता की मधे कोणीतरी जुळवून घेणारा छोटा रेणू असला पाहिजे, ज्याचं एक टोक आरएनएची अक्षरं ओळखेल आणि दुसऱ्या टोकावर अमिनो आम्ल असेल. शिवाय ते अमिनो आम्ल त्या रेणूवर चढवण्यासाठी खास विकरंही असली पाहिजेत. तेव्हा टी-आरएनए कोणाला माहीतसुद्धा नव्हता. काही वर्षांतच तो प्रयोगशाळेत सापडला, आणि ती विकरंही सापडली.

टी-आरएनए म्हणजे साधारण 76 अक्षरांची आरएनएची साखळी, स्वतःभोवतीच दुमडून इंग्रजी ‘एल’सारखा आकार घेतलेली. एका टोकाला तीन अक्षरांचा प्रतिकोडॉन. जी-सी-ए समोर येऊन बसायचं तर त्याच्या समोरासमोर सी-जी-यू हवं. दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. या दोन टोकांमध्ये सात नॅनोमीटरच्या आसपास अंतर असतं, रेणूंच्या मापाने बरंच. म्हणजे प्रतिकोडॉनला आपल्या दुसऱ्या टोकावर कोण बसलंय याचा पत्ता नसतो.

मग योग्य अमिनो आम्ल योग्य टी-आरएनएवर चढवतं कोण? अमिनोॲसिल टी-आरएनए सिंथेटेज नावाची विकरं. नाव एकदा वाचून सोडून द्या, मी त्यांना ‘चढवणारी विकरं’ म्हणते. साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लाला एक, अशी वीस. प्रत्येकाच्या अंगात दोन खोबणी असतात असं समजा. एकीत ठरावीक अमिनो आम्ल बसतं, दुसरीत ठरावीक टी-आरएनए. दोन्ही बसले की विकर ऊर्जा खर्चून त्यांना जोडतं आणि सोडून देतं. ‘जी-सी-ए म्हणजे ॲलनिन’ हे वाक्य पेशीत लिहिलेलं कुठेच नाही. त्याचा अर्धा भाग ॲलनिनच्या विकराच्या आकारात आहे आणि अर्धा टी-आरएनएच्या आकारात. परीक्षकांना मी हे सांगायला हवं होतं.

तुम्ही उदाहरण म्हणून नेमकं जी-सी-ए घेतलंत हा योगायोग भारी आहे, कारण ॲलनिनची गोष्ट या सगळ्यात विलक्षण आहे. कोणालाही वाटेल की ॲलनिनचं विकर टी-आरएनएचा प्रतिकोडॉन बघून त्याला ओळखत असेल. बरीचशी विकरं तसं करतातही. ॲलनिनचं विकर करत नाही. ते प्रतिकोडॉनच्या वाटेलाही जात नाही! टी-आरएनएच्या दुसऱ्या टोकाजवळ, जिथे ॲलनिन चढवायचं असतं तिथून जवळच, जी आणि यू यांची एक तिरपागडी जोडी असते. एरवी जी ची जोडी सी शी लागते. ती एक वाकडी जोडी दिसली की हे विकर ‘हा आपला’ असं धरतं. 1988 मध्ये प्रयोगशाळेत ही जोडी दुसऱ्याच अमिनो आम्लाच्या टी-आरएनएमध्ये बसवून पाहिली. प्रतिकोडॉन होता तोच ठेवला होता. तरी विकरानं त्याच्यावर ॲलनिन चढवलं.

आता राइबोसोमकडे वळू. तो काय तपासतो? एवढंच की एम-आरएनएचा कोडॉन आणि आलेल्या टी-आरएनएचा प्रतिकोडॉन यांची जोडी जमते का. डोक्यावर कोण बसलंय हे तो जवळजवळ बघतच नाही. हे 1962 मध्ये एका प्रयोगानं दाखवलं गेलं, आणि माझ्या मते या विषयातला इतका सुबक प्रयोग दुसरा नाही. संशोधकांनी सिस्टीनच्या टी-आरएनएवर विकराकडून रीतसर सिस्टीन चढवून घेतलं. सिस्टीन आणि ॲलनिन यांच्यात फरक काय, तर सिस्टीनमध्ये एक गंधकाचा अणू जास्त असतो. टी-आरएनएवर बसलेल्या त्या सिस्टीनचा गंधक त्यांनी निकेलच्या साहाय्याने काढून टाकला. झालं, जागच्या जागी सिस्टीनचं ॲलनिन! टी-आरएनए सिस्टीनचाच, डोक्यावर मात्र ॲलनिन. मग हा तोतया प्रथिनं बनवणाऱ्या मिश्रणात सोडला, आणि सोबत यू आणि जी एवढीच अक्षरं असलेला कृत्रिम आरएनए दिला. अशा आरएनएत सिस्टीनचा कोडॉन असतो, ॲलनिनचा नसतो. राइबोसोमनं काय केलं? सिस्टीनच्या जागी ॲलनिन बिनदिक्कत गुंफलं.

म्हणजे तुमचा मुलगा बरोबर बोलला. राइबोसोमला डोळे नसतात. पण बोटं असतात म्हटलं तर चालेल. जीवाणूंच्या राइबोसोमच्या लहान भागात जो आरएनए असतो, त्यातली 1492 आणि 1493 क्रमांकाची दोन ‘ए’ अक्षरं एरवी आत दुमडलेली असतात. कोडॉन-प्रतिकोडॉनची जोडी जमली की ती बाहेर येतात आणि पहिल्या दोन जोड्यांची खाच चाचपून पाहतात. जोडी नेमकी असेल तरच ती खाचेत नीट बसतात. बसली की टी-आरएनएला आत घेतलं जातं, नाहीतर तो निसटतो. वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटानं हे स्फटिकांच्या अभ्यासातून दाखवलं. राइबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना, टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळून 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जीवाणूंची हीच चाचपणी बिघडवतं, मग चुकीचे टी-आरएनएही आत शिरतात.

वरच्या परिच्छेदात ‘पहिल्या दोन’ लिहिलंय, त्याकडे त्याचं लक्ष वेधा. तिसऱ्या जोडीची तपासणी ढिली असते. म्हणून तर जी-सी-यू, जी-सी-सी, जी-सी-ए, जी-सी-जी हे चारही ॲलनिनचेच. तक्ता पाठ करताना मुलं वैतागतात, की एकाच अमिनो आम्लाला इतके कोडॉन कशाला. ढिल्या तिसऱ्या अक्षराचं कळलं की तक्त्याचा निम्मा भार उतरतो. 64 पैकी 61 कोडॉन वीस अमिनो आम्लांमध्ये वाटले जातात. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांच्या वाट्याला एकेकच येतो, ल्युसिनला सहा मिळतात. उरलेल्या तिघांना, म्हणजे यू-ए-ए, यू-ए-जी आणि यू-जी-ए यांना, सहसा कोणताच टी-आरएनए नसतो. तिथे टी-आरएनएच्या जागी बसू शकणारं एक प्रथिन येतं आणि तयार साखळी पाण्याच्या रेणूच्या मदतीने सोडवून देतं.

सुरुवात कुठून करायची हाही प्रश्न तो विचारेल. आपल्या पेशींमध्ये राइबोसोमचा लहान भाग बहुधा एम-आरएनएच्या सुरुवातीच्या टोकापासून सरकत येतो आणि ए-यू-जी भेटलं की थांबतो. तिथून तीन-तीनचे गट. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर काय होतं ते मराठीतच दाखवा: ‘नयन कलम उचल’. पहिला न काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं पाडा: ‘यनक लमउ चल’. पेशीतही असाच बोऱ्या वाजतो. याला वाचनचौकट सरकणं म्हणतात.

आता हे त्याला सांगायचं कसं? मी सांगेन की सांगूच नका, खेळा. सात-आठ रिकामी पाकिटं घ्या. प्रत्येकाच्या एका टोकाला प्रतिकोडॉन लिहा, पण पेनानं नको. जाड पुठ्ठ्याची अक्षरं कापून चिकटवा, म्हणजे बोटांना लागतील. दुसऱ्या कोपऱ्यात एक छोटी खूण करा, पाकिटागणिक वेगळी. ती खूण बघून तुम्ही दुसऱ्या खोलीत प्रत्येक पाकिटात एकेक चिठ्ठी घालायची: मेथिओनिन, ॲलनिन, सिस्टीन. तुम्ही झालात चढवणारी विकरं. मुलाचे डोळे बांधा, तो राइबोसोम. त्याच्यापुढे तशाच पुठ्ठ्याच्या अक्षरांची पट्टी: ए-यू-जी, जी-सी-ए, यू-जी-यू, यू-ए-ए. त्यानं बोटांनी चाचपायचं, जोडी जमली तर पाकीट रांगेत ठेवायचं, नाही जमली तर बाजूला टाकायचं. पाकीट उघडायचं नाही. शेवटी डोळे सोडून चिठ्ठ्या वाचायच्या: मेथिओनिन, ॲलनिन, सिस्टीन.

दुसऱ्या डावात त्याला न सांगता सिस्टीनच्या पाकिटात ॲलनिनची चिठ्ठी घाला. तो अगदी चोख काम करेल आणि प्रथिन तरीही चुकेल. मग त्यालाच विचारा, चूक कोणाची? 1962 चा प्रयोग त्याला त्यानंतर सांगा, आधी नको.

हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट आवडेल. पाकिटं भरताना फसायची शक्यता खरी असते, कारण काही अमिनो आम्लं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. सेरिन ॲलनिनपेक्षा एका ऑक्सिजनच्या अणूनं मोठं, तरी ते ॲलनिनच्या विकरात चुकून शिरतं. म्हणून या विकराला एक दुसरी खोबण असते. चुकून चढवलेलं सेरिन तिथे कापून काढलं जातं, म्हणजे भरलेलं पाकीट पुन्हा तपासायची सोय. 2006 मध्ये उंदरांच्या एका वाणात असं आढळलं की ही दुसरी तपासणी फक्त थोडी ढिली झाली होती, पूर्ण बंद पडली नव्हती. तेवढ्यानं त्यांच्या मेंदूतल्या पेशी मरायला लागल्या आणि उंदीर तोल जाऊन धडपडू लागले. त्यांचे केस विस्कटलेले, चिकट दिसत, म्हणून त्या वाणाचं नावच ‘स्टिकी’ पडलं. एवढ्या तपासण्या करूनही प्रथिन बनवताना हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एखादी चूक राहतेच. आपल्या पेशींमधला राइबोसोम सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं गुंफतो, जीवाणूंचा पंधरा-वीस. त्या वेगाला ही चुकीची टक्केवारी तुमच्यासारख्यांनासुद्धा मान्य व्हावी.

तक्ता माणसांना कसा कळला हे त्यानं विचारलं, तर एका रात्रीची गोष्ट सांगा. मे 1961, मार्शल नीरेनबर्ग यांची अमेरिकेतली प्रयोगशाळा. त्यांचे सहकारी हाइनरिख मथाई यांनी फक्त यू या एकाच अक्षराचा लांबलचक आरएनए पेशींच्या अर्कात घातला. कोणतं अमिनो आम्ल गुंफलं जातंय ते किरणोत्सर्गी खुणेनं शोधायचं होतं. पहाटे उत्तर आलं, फिनिलॲलनिन. यू-यू-यू चा अर्थ लागला. पुढच्या पाच वर्षांत बाकीचे अर्थ लागले, त्यात कृत्रिम आरएनए नेमक्या क्रमानं बनवण्याच्या हर गोविंद खुराना यांच्या कौशल्याचा मोठा वाटा होता. 1968 चं नोबेल नीरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळालं. हॉली यांनी ज्या टी-आरएनएची अक्षरं सर्वांत आधी क्रमानं वाचली होती, तो कोणाचा, माहितीये? ॲलनिनचा.

परीक्षेचं काय, ही काळजी तुम्ही लिहिलेली नाही, पण असणारच. परीक्षेत त्याला ‘भाषांतरण राइबोसोमवर होतं’ असंच लिहू द्या, ते चूक नाही. फक्त आधी एक वाक्य जोडायला सांगा: विशिष्ट विकर प्रत्येक टी-आरएनएवर त्याचं अमिनो आम्ल चढवतं. गुण कापणारा परीक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि तयारी ठेवा, खेळ संपल्यावर तो आणखी एक प्रश्न विचारणार. चढवणारी विकरं ही स्वतः प्रथिनं आहेत. ती याच राइबोसोमवर, याच तक्त्याप्रमाणे बनतात. मग पहिल्यांदा पाकिटं भरली कोणी? या वेळी ‘मला माहीत नाही’ म्हणताना संकोच नको, कारण यावर शास्त्रज्ञांमध्येही एकमत झालेलं नाही. एक धागा मात्र त्याच्या हाती द्या. राइबोसोममध्ये अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडण्याची क्रिया जिथे घडते, तिथे काम करणारा भाग प्रथिनाचा नाही, आरएनएचा आहे. त्यावर त्याला काय सुचतं ते मला कळवा. आणि पुढचं पत्र त्याच्याच हातचं आलं तर जास्त आवडेल.